लग्नानंतरचं आडनाव: बदलायचं तर पूर्ण बदला, नाहीतर हात लावू नका

लग्नानंतर मुलीने नाव बदललंच पाहिजे असा कायदा भारतात नाही. पासपोर्ट, बँक, आधार, नोकरी सगळं माहेरच्या नावाने आयुष्यभर चालतं. हे आधीच सांगते, कारण "आता नाव बदलून घे, पुढे अडेल" हे वाक्य सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकू येतं. खरं तर अडतं ते अर्धवट बदललेलं नाव.

आपल्याकडे फक्त आडनाव बदलत नाही. मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं आणि काही घरांत तांदळात कोरलेलं नवं पहिलं नावही. म्हणजे तीनपैकी तिन्ही शब्द वेगळे! विवाह प्रमाणपत्रावर तुमचं लग्नाआधीचं नाव असतं. त्यावरून नवऱ्याचं नाव-आडनाव लावता येतं, पण तांदळातलं नाव त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी राजपत्रात (सरकारी गॅझेटमध्ये) जाहिरात द्यावी लागते. माझं स्पष्ट मत: तांदळातलं नाव हौसेपुरतं घरात ठेवा, कागदावर आणू नका.

बदलायचंच ठरलं तर क्रम महत्त्वाचा. आधी विवाह नोंदणी, गरज असेल तर राजपत्र, मग आधार, त्यानंतर पॅन, मग बँक आणि पीएफ, शेवटी पासपोर्ट. प्रत्येक ठिकाणी स्पेलिंग अक्षर न् अक्षर तेच हवं. आधार आणि पॅनवर वेगळं नाव असलं की जोडणी अडते. पॅनवर वडिलांच्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहू नका, तिथे लग्नानंतरही वडीलच राहतात. आणि परदेशी फिरायला जाण्याचं तिकीट काढलं असेल तर परत येईपर्यंत पासपोर्टला हात लावू नका; तिकीट, व्हिसा आणि पासपोर्टवर एकच नाव लागतं.

आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे फार कमी जणींना कोणी सांगतं. एक संधी स्पेलिंग दुरुस्तीत गेली, दुसरी लग्नात गेली, तर घटस्फोटानंतर प्रादेशिक कार्यालयाकडे विशेष विनंती करत बसावं लागतं. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात घाई नको म्हणते ते यासाठी.

दहावी-बारावीची प्रमाणपत्रं लग्नामुळे बदलत नाहीत, जातीचा दाखला आणि वैधताही माहेरच्या नावाचीच राहते. स्पर्धा परीक्षेचा अर्ज सासरच्या नावाने भरलात तर पडताळणीला दोन्ही नावं जोडणारा कागद न्यावाच लागतो. नॉन-क्रिमीलेअरला उत्पन्नही आई-वडिलांचंच धरतात, नवऱ्याचं नाही.

घटस्फोट परस्पर संमतीने होत असेल तर कन्सेंट टर्म्समध्येच (दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदात) एक ओळ घालून घ्या: पत्नी यापुढे अमुक नाव लावेल. अर्जात सुरुवातीलाच दोन्ही पूर्ण नावं 'उर्फ' लिहून टाका. कोर्टाच्या हुकूमनाम्यात एकच नाव आलं तर पुढे प्रत्येक खिडकीवर "ही बाई तीच कशावरून?" असं विचारतात. हुकूमनाम्याच्या सर्टिफाइड कॉपी तीन-चार काढून ठेवा. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं जुनं नाव असतं, मुलांच्या पासपोर्टच्या वेळी हुकूमनाम्याची ही प्रत लागते.

केंद्राच्या राजपत्रात माहेरचं आडनाव परत लावायला घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र मागणारी अट घातली होती. २०२४ मध्ये तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. जन्मापासूनच्या नावासाठी दुसऱ्याची संमती मागणं मला अन्यायाचं वाटतं.

उलट, घटस्फोटानंतरही पंधरा-वीस वर्षं लावलेलं नाव कोणी ठेवलं तर तिला टोमणे मारू नका. तिची डिग्री, नोकरी, मुलांची शाळा त्या नावावर उभी असते.

आणि सातबारा! वडिलांमागे वारस नोंद करताना तलाठ्याकडे दोन्ही नावं लिहून द्या. फेरफारात (जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदीत) सासरचं, दाखल्यावर माहेरचं असं झालं की विक्रीच्या किंवा हक्कसोडपत्राच्या वेळी बहिणीचीच सही अडकते. २०२४ च्या राज्य शासनाच्या निर्णयानुसार मालमत्तेच्या दस्तऐवजात लग्नाआधीचं नाव नोंदवायची मुभा आहे, ती मागून घ्या.