घर घेऊन फिरायला

कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ज्यानं कुणी शोधून काढलं त्याला नातेवाईक नसणार, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

आमच्या दाजींनी कुठला तरी व्हिडिओ बघितला, त्यातच त्यांना कळालं की सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण पण काढलंय, मग काय, सरकारचाच पाठिंबा म्हटल्यावर दाजी कुणाला ऐकतात होय! सकाळी निघायचं, भोगावतीच्या काठाकाठानं राधानगरीला जायचं, वाटेल तिथं थांबून चहा करायचा, रात्री घरी. विषय हार्ड. गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर आतनं मोकळी करून त्यात सोफा, बेड, फ्रिज, शेगडी आणि कोपऱ्यात कपाटाएवढं संडास. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत ती शिरेना म्हणून रंकाळ्यावर लावली, तर तिथंच फिरायला आलेली निम्मी पब्लिक चपला काढून आत जाऊन बघून आली.

पहिला राडा संडासावरनं. आईनं दार उघडलं, आत बघितलं, शेगडीकडं बघितलं. "जावईबापू, हे इथं?"

दाजींनी समजावलं, केमिकल टॉयलेट आहे, वास येत नाही, टाकी वेगळी असते.

"कुठं असते टाकी?"

"खाली."

"म्हणजे आपण त्याच्यावर बसलोय?"

झालं. त्या शेगडीवर चहा होणार नाही आणि त्या संडासात कोण जाणार नाही असा ठराव पास झाला, आणि सगळ्या सोयी असलेली ती गाडी आम्ही दिवसभर प्रत्येक पेट्रोल पंपावर आणि चहाच्या टपरीवर थांबवत नेली. पंपावरचा पोरगा म्हणाला पण, "आत हाय की ओ तुमच्यात!" त्याला काय सांगणार.

हळदीच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. सीझन चालू, मागं दोन ट्रॉल्या, वर स्पीकर फुल्ल, ऊस दोन्हीकडनं बाहेर आलेला. पुढं काढायची सोयच नाही, त्यात स्पीड ब्रेकर आला आणि आईनं पहाटे उठून केलेल्या पांढऱ्या रश्श्याच्या डब्याचं झाकण उडालं. रस्सा सोफ्यावरनं निवांत खाली आला, खसखस सोफ्याच्या शिवणीत जाऊन बसली, ताईनं पुसायला घेतलं तर ती आणखी आत गेली. तांबडा वाचला म्हणून दाजी म्हणाले नशीब, सोफा पांढरा आहे.

आत्त्याचं गाव नदीच्या पलीकडं. एवढ्या लांब येऊन आत्त्याला न भेटता पुढं गेलो असतो तर बाबांनी आम्हाला घरात घेतलं नसतं. पलीकडं जायला बंधारा. आख्ख्या महाराष्ट्रात ज्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तोच, दगडी खांब, पावसाळा संपला की मधे बरगे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवायचं, आणि वरनं बैलगाडी जाईल एवढा रस्ता. त्यावर आमचं घर. थोडं आत गेल्यावर आरसा कठड्याला लागला. खाली धुणं धुणाऱ्या बायका धुणं सोडून बघायला लागल्या आणि कुठनं कुणास ठाऊक पण माणसं जमली, एक जण म्हणतोय येऊ दे येऊ दे, दुसरा म्हणतोय थांब थांब, तिसरा नुसताच गाडीवर थापा मारतोय, एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "भावा, ऊस जायचा न्हाई हितनं, तू संसार घेऊन आलायस." शेवटी सगळी गाडी रिव्हर्स.

आत्त्याच मग चालत आली, सोबत भावकी घेऊन. सगळ्यांनी बेडवर बसून बघितलं, फ्रिज उघडून बघितला, संडासाचं दार तर इतक्यांदा उघडलं की कडीच ढिली झाली. आत्त्यानं आमच्यासाठी भडंग, शेंगा, काकवीचा डबा आणलेला, शिवाय "राधानगरीलाच निघालाय न्हवं" म्हणून दोन सुना आणि पोरं आत बसवून दिली.

धरणावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलेलं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, समोर लक्ष्मी तलाव गच्च, पलीकडं दाजीपूरचं जंगल. बघण्यासारखंच आहे, वाद नाही. पण बाबांना त्यात इंटरेस्ट नव्हता, ते सुनांच्या पोरांना सात स्वयंचलित दरवाजे समजावत होते, लाइट नको, बटण नको, पाणी चढलं की वजनानं आपोआप उघडतात, एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. पावसाळ्यात हा आकडा कोल्हापुरात पोराटोरांना पण पाठ असतो, कारण तिकडं दरवाजा उघडला की इकडं पंचगंगेकडं डोळे लागतात, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पोरांनी विचारलं, मग आत्ता उघडा की. बाबा गप्प.

रात्री गाडी परत दिली तर मालकानं सोफा हुंगून क्लीनिंगचे वेगळे पैसे लावले. संडास कोरं करकरीत बघून मात्र तोच चक्रावला, कधी असं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी आत्त्याचा फोन. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायचंय, सगळी भावकी येणार, गाडी तीच सांग. जेवण आम्ही करून आणतो. "आणि त्या मालकाला म्हणावं, ते संडास तेवढं काढून ठेव, चार माणसं बसतील."