पडद्यावरचा सरावपाठ आणि त्याचे गुण
दूरस्थ शिक्षणाच्या काळातही छात्राध्यापकांचे (शिक्षक होण्यासाठी बी.एड. करणाऱ्यांचे) मूल्यमापन नेहमीच्याच निरीक्षणतक्त्याने, म्हणजे त्यांचा पाठ पाहून गुण भरायच्या तक्त्याने व्हावे, हे एका लेखातील मत मला पटत नाही. दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात किमान 20 आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव अपेक्षित असतो; कोरोनाची टाळेबंदी लागू झाल्यानंतर लालबागमधील एका शाळेत मार्गदर्शक शिक्षिका म्हणून मी ती झूमवर पाहिली. तक्त्यानुसार फलकलेखन व वर्गनियंत्रण यांना गुण द्यायचे होते, परंतु घरातला एकुलता एक मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेल्यामुळे निम्मी मुले गैरहजर आणि उरलेल्यांचे कॅमेरे बंद (नेटपॅक संपण्याची धास्ती, दुसरे काय!) असताना नियंत्रण कशाचे मोजायचे? उलट, रात्री फोन करून त्याच मुलांना तो पाठ पुन्हा समजावणाऱ्या छात्राध्यापिकेसाठी तक्त्यात रकानाच नव्हता. अखेर तिचे हे काम मी शेऱ्यात नोंदवले.