'ही तर हमालीच सांगितलीत!' : एका आईच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

'इव्हेंटच्या धंद्यात उतरण्याआधी स्वतःला तपासा' हा माझा लेख वाचून तुमची लेक हिरमुसली आणि तुम्ही चिडलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अंगी काय हवं ते सांगताना मी वसुली, मोजदाद, परवानग्या आणि तासन्‌तास उभं राहणं एवढंच लिहिलं, कल्पकतेचं आणि माणसांच्या आवडीचं नावही काढलं नाही. 'ही तर हमालीच सांगितलीत' हे तुमचे शब्द. लेक कॉलेजच्या फेस्टिव्हलला कोअर कमिटीत होती, बोलकी आहे, क्रिएटिव्ह आहे, मग तिने आणखी काय तपासायचं आणि कसं? आणि डिप्लोमाची फी भरायची की नाही?

हमाली आहेच, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. कल्पकता मात्र मी मुद्दाम वगळली होती. आमच्याकडे काम मागायला येणारं प्रत्येक जण स्वतःला कल्पक समजतं, त्यामुळे त्यावरून निवड करता येत नाही. शिवाय हल्ली यजमानच मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात: असा मंडप, अशी एंट्री, असं बॅकड्रॉप. ते उभं करून देणारी तयार माणसं डेकोरेटरकडे असतात. कल्पकतेची खरी गरज पडते ती वेगळ्याच वेळी. मुहूर्त 12 वाजून 17 मिनिटांचा आहे, नवरदेवाची गाडी कात्रजच्या बोगद्याअलीकडे अडकली आहे, गुरुजींना दुपारी दुसरं कार्य आहे, आणि 4 वाजता कार्यालय रिकामं करून द्यायचं आहे कारण संध्याकाळच्या रिसेप्शनवाल्यांचा टेम्पो दारात लागलाय. अशा वेळी जेवण आधी घ्यायचं की फोटो मागे ढकलायचे, हे जिला उभ्या उभ्या सुचतं आणि विहीणबाईंचा पारा न चढवता जी ते सांगू शकते, ती माझ्या लेखी क्रिएटिव्ह.

बोलकेपणाचंही तसंच. माझ्या पाहण्यातल्या उत्तम को-ऑर्डिनेटर मुली अबोल म्हणाव्या इतक्या शांत आहेत. माणसांत रमणारी माणसं कार्यात रमतात, आणि नेमकं तेव्हाच मागे जनरेटरचं डिझेल संपत आलेलं असतं. (नातेवाइकांत 'हिला लग्नकार्यात फार हौस' अशी जिची ख्याती आहे, तिला मी चार प्रश्न जास्तच विचारते.)

मोजदादीवर तुम्ही नाक मुरडलंत, म्हणून ती जरा जवळून दाखवते. बुफे लागण्याआधी केटररचा माणूस आणि यजमानांकडचा कुणी मिळून प्लेटांचे गठ्ठे मोजतात. जेवणं आटोपली की उरलेल्या मोजतात. वजाबाकी येईल तेवढं बिल. समजा, ठरली होती 400 पानं आणि वजाबाकी आली 462. वरची 62 कुणाची? फोटोग्राफरची पोरं, बँडवाले, ड्रायव्हर जेवले. कुणी दुसऱ्यांदा वाढून घेताना नवी प्लेट उचलली. मुलांनी आइस्क्रीमसाठी उचलली. मुलीचे वडील म्हणतात, आमची माणसं चारशेच्या वर नव्हती. केटरर म्हणतो, प्लेटा समोर आहेत, मोजा. दोघंही खरंच बोलत असतात. हे भांडण दुपारी 3 वाजता मिटत नाही. ते महिनाभर आधी दोन ओळी लिहून मिटवावं लागतं: कामावरच्या माणसांचं जेवण वेगळं आणि त्याचा दर अमुक, आइस्क्रीमला वेगळ्या वाट्या, चारशेच्या वर अमुक पानांपर्यंत दर तोच. या दोन ओळी आधी सुचणं हेच ते कौशल्य. त्याला झगमगाट नाही, म्हणून ते कुणी स्वतःच्या बायोडेटात लिहीत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत, त्यानुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. वर्षातल्या जास्तीत जास्त 15 दिवसांना रात्री 12 पर्यंत सवलत मिळते, पण ती सण-उत्सवांसाठी, तुमच्या भाच्याच्या संगीतासाठी नव्हे. पूर्वी रात्र-रात्र चालणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवालासुद्धा आपलं वेळापत्रक दुपारकडे सरकवावं लागलं, तिथे लॉनवरच्या डीजेची काय कथा! गाण्यांच्या परवान्याचा घोळ आणखी वेगळा. लग्नात वाजवलेल्या गाण्यांना कॉपीराइट कायद्यात सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये त्याची जाहीर आठवणही करून दिली. गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये त्याच अर्थाचं परिपत्रक काढलं, ते ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. कायद्यातली सूट कायम आहे, पण गाण्यांचा परवाना मागणाऱ्या हॉटेलवाल्याला परिपत्रकाचा कागद दाखवून गप्प करता येत नाही. त्यामुळे गोव्यात लग्न ठरलं की परवाना कोण घेणार, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यावं लागतं. हे वाचून तुमच्या लेकीला जांभई आली का, तेवढं बघा.

आणि एक गोष्ट, जी मला कुठल्याच कोर्सच्या माहितीपत्रकात दिसत नाही: शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या जागी स्वतःला बसवून बघणं. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंची गर्दी, भर दुपारचं ऊन. व्यासपीठावर छत होतं, समोर मैदानात बसलेल्यांच्या डोक्यावर नव्हतं. उष्माघाताने 14 माणसं गेली. 'साडेबाराला मैदानातल्या माणसाच्या डोक्यावर काय असेल?' हा प्रश्न आखणीच्या बैठकीत कुणीतरी विचारायचा असतो, उत्तर मिळेपर्यंत लावून धरायचा असतो, आणि समोर मोठी माणसं बसलेली असली तरी. चारशे माणसांच्या लग्नातही प्रश्न तोच असतो, फक्त तो एखाद्या आजोबांच्या खुर्चीचा असतो.

आता कसं तपासायचं ते. तुमचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. 'मला माणसं सांभाळता येतात का?' असं स्वतःला विचारून दहापैकी आठ गुण देण्यात अर्थ नाही. आठच्या खाली स्वतःला कोण देतं? आपण कसे आहोत हे विचारूच नये, काय केलं ते विचारावं. कोअर कमिटीचंच घ्या. स्पॉन्सर कुणी आणला, आणि बॅनर लागल्यावर त्याच्याकडून पैसे हातात पडेपर्यंत फोन कुणी केले? हिशोबाची वही कुणाकडे होती आणि ती शेवटी जुळली का? पोलीस स्टेशनला अर्ज घेऊन कोण गेलं? शेवटच्या रात्री सगळे ग्रुप फोटो काढत असताना खुर्च्या मोजून मांडववाल्याला परत कुणी दिल्या? यातल्या दोन प्रश्नांना 'मी' असं उत्तर आलं तरी मला ती मुलगी हवी आहे. एकालाही आलं नाही, तर ती कमिटीत होती एवढंच कळतं. आणि हेही खरं, की कॉलेजात राबणारी पोरं फुकट राबतात, मैत्रीखातर. धंद्यात प्रत्येक जण रोजावर असतो आणि ऐनवेळी फोन बंद करू शकतो.

घरच्या घरीही पारख होते. एखादं डोहाळजेवण किंवा सोसायटीचा गणपती तिच्या हाती सोपवा. खर्चाचा अंदाज आधी कागदावर लिहायला सांगा आणि कागद तुमच्याकडे ठेवा. कार्य झाल्यावर खरा खर्च शेजारी मांडा. आकडा चुकणारच, सगळ्यांचा चुकतो. वरचे पैसे कुठे गेले हे तिला सांगता येतं का, ते बघा. 'इकडेतिकडे गेले' हे उत्तर चालणार नाही. मग तिच्या हाताखाली ज्यांनी काम केलं त्यांना, मैत्रिणी वगळून, विचारा: पुन्हा हिच्याबरोबर कराल का?

भिडस्तपणाची परीक्षा मात्र घरी होत नाही, आणि या धंद्यातून माणसं बाहेर पडतात ती बहुतेक त्याच पायी. अर्धे पैसे आगाऊ, मोठा हप्ता कार्याच्या आधी, थोडे नंतर, असं ठरलेलं असतं. पण तो मधला हप्ता मागायचा दिवस नेमका हळदीचा उजाडतो. घरात गाणी चालू, मुलीचे वडील हळवे झालेले, आणि तुम्ही त्यांना कोपऱ्यात घेऊन चेकचं विचारायचं. तेव्हा जी 'नंतर बघू' म्हणून मूग गिळते, ती पाठवणी झाल्यावर महिनोन्‌महिने फोन करत बसते, आणि तोवर फुलवाल्याला आणि लाइटवाल्याला स्वतःच्या खिशातून देते. कोटेशनमध्ये 18 टक्के जीएसटी वेगळा आहे हे तोंडाने न सांगता खाली बारीक अक्षरात लिहिणारी मुलंही याच जातकुळीतली. 'नाही' म्हणण्याचंही तेच. लोहगावच्या बाजूच्या लॉनवर ड्रोन उडवायचा हट्ट यजमान धरतात. तिथे हवाई दलाचा तळ आहे, परवानगीशिवाय जमणार नाही, हे पहिल्याच भेटीत हसून सांगता आलं पाहिजे.

फीबद्दल. कोर्स वाईट नसतात, ओळखी होतात. पण यंदा भरू नका, वर्षभर थांबा. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. तेव्हा तिला एक हंगाम कामाला धाडा, आणि तेही इव्हेंट कंपनीत नको, तिथे नवख्यांना स्वागताच्या टेबलावर उभं करतात. केटररकडे किंवा मांडववाल्याकडे पाठवा. आचारी सकाळी कुणावर ओरडतो आणि का, हे कळलं की अर्धा अभ्यासक्रम तिथेच होतो. सपाट चपला, पॉवर बँक, खिशात वही-पेन. पुण्यात असाल तर दोन-तीन केटरर मी सुचवू शकेन, मला मेल करा. फक्त रोज किती मिळणार, हे पहिल्या दिवसाआधी तिने स्वतः विचारायचं. तुम्ही फोन करायचा नाही.