पेज टेबल बिघडलं की रॅम बदला, असं सांगणाऱ्या मेसेजबद्दल

पेज टेबल म्हणजे कुठला पत्ता रॅमच्या कुठल्या पानावर जातो, ते सांगणारा कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) तक्ता. माझी भाची एका होस्टिंग कंपनीत रात्रपाळी करते. सप्टेंबर 2024मध्ये तिच्याकडच्या एका लिनक्स व्हीएमवर (खऱ्या मशीनच्या, म्हणजे होस्टच्या, आत चालणाऱ्या आभासी मशीनवर, म्हणजे गेस्टवर) तीनदा ‘करप्टेड पेज टेबल’चा ऊप्स (कर्नलने छापलेला चुकीचा अहवाल) आला आणि तिन्ही वेळा तिने मशीन रीबूट केलं. का, तर टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘व्हीएममध्ये पेज टेबल करप्ट झालं म्हणजे रॅम गेली. हायपरवायझरचा दोष असूच शकत नाही. गेस्टमध्ये मेमटेस्ट चालवा. डंपमध्ये वेळ घालवू नका, रीबूट करा.’ (हायपरवायझर म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, मेमटेस्ट म्हणजे रॅमची चाचणी, डंप म्हणजे मेमरीची फाइलीत उतरवलेली प्रत.) तोच मेसेज परवा मला आणखी दोघांनी पाठवला. आता सगळ्यांना एकदाच उत्तर देतो.

सगळ्यात घातक आहे ते शेवटचं वाक्य. रीबूट केलं की पुरावा गेला. व्हीएमची सोय हीच, की आतला कर्नल कोलमडला तरी होस्टवरून तिची सगळी मेमरी फाइलीत उतरवता येते. होस्टवरच्या ‘विर्श डंप’ या कमांडला ‘मेमरी-ओन्ली’ हा पर्याय जोडला की झालं. चौथ्या वेळी मी तिला तेवढंच करायला लावलं. मग ती फाइल ‘क्रॅश’ या डंप तपासायच्या साधनात उघडून ऊप्समधला पत्ता त्यातल्या ‘व्हीटॉप’ला दिला; ती कमांड त्या पत्त्याच्या पेज टेबलातल्या नोंदी दाखवते. पेज टेबलाचं एक पान 4 केबीचं, त्यात 8 बाइटच्या 512 नोंदी. आजूबाजूच्या बहुतेक नोंदी धडधाकट होत्या. बिघडलेल्या नोंदीत होतं:

3432303239303531

हेक्समध्ये 30 ते 39 म्हणजे आस्कीतले (अक्षरांसाठीच्या संकेतांतले) 0 ते 9 अंक. एक्स86वर बाइट उलट्या क्रमाने बसतात, म्हणून मागून वाचायचं: 31 35 30 39 32 30 32 34. म्हणजे ‘15092024’. चक्क तारीख! पुढच्या तीन नोंदींत त्याच लॉगची उरलेली ओळ. शेवटचा अंक 1, म्हणजे ‘प्रेझेंट’ (पान मेमरीत आहे असं सांगणारा) बिट चालू, म्हणून प्रोसेसरने नोंद खरी धरली. पण जे राखीव बिट शून्यच असायला हवेत, तेही चालू होते. तिथे पेज फॉल्ट (पत्ता उलगडताना प्रोसेसरने केलेली तक्रार) झाला आणि कर्नलने ऊप्स छापला.

खराब रॅम तारखा लिहीत नाही. एकदा वापरून कर्नलला परत केलेल्या पानावर कुणीतरी अजून लिहीत होतं, आणि तेच पान आता पेज टेबलाला मिळालं होतं. मशीन ‘पेज_ओनर=ऑन’ (कुठलं पान कुणी घेतलं, कुणी सोडलं याची नोंद ठेवणारा कर्नलचा पर्याय) देऊन चालवलं, तेव्हा पुढच्या फॉल्टला कळलं की ते पान आधी बाहेरून आणलेल्या एका मॉनिटरिंग मॉड्यूलच्या लॉग बफरचं होतं. बफर सोडला, पॉइंटर (त्याचा जुना पत्ता) तसाच राहिला. तोवर त्या होस्टवरच्या बाकी गिऱ्हाइकांची मशीन बंद ठेवून दोन डीआयएमएम (रॅमच्या पट्ट्या) बदलून झाले होते. रात्रभर शिव्या खाल्ल्या भाचीने.

रॅमचं म्हणणं अगदीच खोटं नाही, एवढं मान्य करतो. गूगलच्या सर्व्हरांवरच्या 2009च्या अभ्यासात वर्षाला 8 टक्क्यांहून जास्त डीआयएमएमवर चुका आढळल्या होत्या. 2015मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा गटाने रोहॅमरने (रॅमची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचून शेजारचे बिट उलटवण्याच्या युक्तीने) पेज टेबलातले बिट उलटवून कर्नलचे अधिकार मिळवून दाखवले. पण तिथे सहसा एखाददुसरा बिट उलटतो, बाकी नोंद शेजारच्यांसारखीच दिसते. म्हणजे नोंद बघावीच लागते, आणि त्यासाठी डंप हवाच.

गेस्टमधल्या मेमटेस्टचं थोडक्यात. गेस्टला दिसणारा ‘भौतिक’ पत्ता ईपीटी किंवा एनपीटी (अनुक्रमे इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांची व्हीएमसाठीची जादा पेज टेबलं) होस्टच्या कुठल्यातरी पानावर नेते. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की तीच पानं मिळतील याची हमी नाही. रॅमचा संशय असेल तर होस्टवरचे ईडॅकचे (लिनक्समधल्या मेमरीच्या चुका मोजणाऱ्या भागाचे) आकडे बघा.

राहिलं ‘हायपरवायझरचा दोष असूच शकत नाही’. झेन या हायपरवायझरच्या प्रकल्पाने ऑक्टोबर 2015मध्ये जाहीर केलेली एक्सएसए-148 ही सुरक्षा सूचना वाचा. पॅराव्हर्च्युअल गेस्टने (आपण व्हीएममध्ये आहोत हे जाणून झेनच्या मदतीने चालणाऱ्या) पेज टेबलात केलेला प्रत्येक बदल झेनने तपासायचा असतो. पेज टेबलांच्या पातळ्यांपैकी दुसऱ्या पातळीच्या नोंदींची ही तपासणी ठराविक परिस्थितीत वगळली जायची, त्यामुळे जी पानं झेनला केवळ वाचण्यापुरती ठेवायची होती, त्यांवरही गेस्टला मोठ्या पेजच्या मॅपिंगमधून लिहिता यायचं. झेन 3.4पासून तोवरच्या सगळ्या आवृत्त्यांत ही चूक होती. एचव्हीएम (प्रोसेसरच्या मदतीने चालणाऱ्या) गेस्टना ती लागू नव्हती, हे खरं. पण 2021मध्ये केव्हीएम या लिनक्सच्या हायपरवायझरमध्येही अशी चूक सापडली, की पानं मोकळी झाली तरी गेस्टचा हात त्यांच्यापर्यंत पोचत होता. म्हणून डंप काढताना होस्टच्या कर्नलची आणि हायपरवायझरची आवृत्ती, आणि होस्टचा डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची नोंद), तिन्ही त्याच फाइलीशेजारी ठेवा.