गडचिरोलीच्या हिवतापाची जनुकीय तपासणी नेहमीची व्हावी

गडचिरोलीच्या हिवतापाबद्दल आपण नागपूरकर बोलतो ते रुग्णसंख्येविषयी, मच्छरदाण्यांविषयी आणि फवारणीविषयी. भामरागड, एटापल्लीच्या माडिया वस्त्यांमध्ये फिरणारा परजीवी जनुकीयदृष्ट्या कसा आहे, हा प्रश्न मागेच राहतो. माझ्या मते आज तोच अधिक निकडीचा आहे.

या परजीवीच्या नर-मादी पेशींचा संयोग डासाच्या पोटात होतो. रुग्णाच्या रक्तात अनेक वाण असतील, तर तिथे त्यांची सरमिसळ होऊन नव्या जुळण्या तयार होतात. परंतु प्रसार कमी झालेल्या लहानशा टोल्यात डासाला बहुधा एकच वाण मिळतो, त्याचा संयोग स्वतःशीच होतो आणि जवळजवळ तीच प्रत पुढच्या माणसात उतरते. अशा ठिकाणी एखादा जनुकीय बदल निव्वळ योगायोगानेही वस्तीभर पसरू शकतो.

आशाताईंच्या हातातील रॅपिड किट फॅल्सिपेरम हा हिवतापाचा घातक परजीवी ओळखतो तो प्रामुख्याने एचआरपी-२ या प्रथिनावरून. ज्यांच्यात या प्रथिनाचे जनुकच नाही, असे परजीवी पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे छत्तीसगड, ओडिशातील नमुन्यांतही ते आढळले. गडचिरोलीतील कित्येक कुटुंबांची सोयरीक छत्तीसगडात आहे, त्यामुळे हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. किट निगेटिव्ह, ताप मात्र चढलेलाच, आणि पर्लकोटा नदीला पूर आल्याने रस्ता बंद, अशा वेळी त्या लेकराचे निदान कोण करणार? शिवाय रक्तात दुसरा साधा वाणही असेल, तर किट पॉझिटिव्ह येतो आणि जनुक गमावलेला वाण त्याच्याआड लपून राहतो.

या कारणाने किटच्या निदानातून सुटणारे रुग्ण ५ टक्क्यांहून अधिक झाल्यास किट बदलावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण मोजलेच नाही, तर ती मर्यादा ओलांडल्याचे कळणार कसे? एखाद्या प्रबंधापुरते नमुने गोळा करून हे भागणार नाही. तपासणीसाठी बोट टोचलेलेच असते. त्याच वेळी आणखी एक थेंब फिल्टर पेपरवर वाळवून पीसीआर या जनुकीय तपासणीसाठी नागपूरला पाठवता येतो. औषधांना दाद न देणाऱ्या परजीवींच्या खुणाही त्याच थेंबातून तपासता येतात.

मात्र त्या थेंबाचे काय होणार, हे माडिया भाषेत समजावून संमती घेतली पाहिजे आणि निष्कर्ष त्याच हंगामात गावच्या आशाताईंपर्यंत पोहोचला पाहिजे. तोवर किट निगेटिव्ह असूनही ताप न उतरणाऱ्या प्रत्येक रुग्णाची रक्तपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जावी, एवढी तरतूद प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आताच व्हायला हवी.