जेफरसनचा डॉक्टर आणि भुलीचे श्रेय

वाद सुरू झाला तो तारखेवरून. आमच्या कट्ट्यावर एक भूलतज्ज्ञ डॉक्टर आहेत आणि १६ ऑक्टोबरचा चहा दरवर्षी त्यांच्याकडे असतो, कारण १८४६ साली त्या दिवशी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने रुग्णाला ईथर या भूल आणणाऱ्या द्रवाची वाफ हुंगवली आणि भरल्या सभागृहासमोर त्याच्या मानेवरची शस्त्रक्रिया पार पडली. यंदा चहा संपण्यापूर्वीच इतिहासाचे निवृत्त सर म्हणाले, "डॉक्टर, हा मान तुम्ही साडेचार वर्षे उशिरा आलेल्या माणसाला देता आहात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या जेफरसन नावाच्या लहानशा गावात क्रॉफर्ड लाँगने ३० मार्च १८४२ रोजीच हे काम करून ठेवले होते."

"करून ठेवले होते, पण सांगून ठेवले नव्हते," डॉक्टरांनी उत्तर दिले.

सरांना घराण्यापासून सुरुवात केल्याशिवाय माणूस सांगता येत नाही. लाँगचे आजोबा आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरहून अमेरिकेत आले, आधी पेन्सिल्व्हेनियात आणि मग जॉर्जियात स्थिरावले. वडील जेम्स लाँग हे डॅनियल्सव्हिलमधले वजनदार गृहस्थ, राज्याच्या सिनेटचे सदस्य. १८१५ साली झालेल्या मुलाला त्यांनी विल्यम क्रॉफर्ड या बड्या राजकारण्याचे नाव दिले, यावरूनच घराची ऊठबस कोणात होती ते कळते. पुढे कॉलेजात मुलाच्या खोलीतला सोबती होता अलेक्झांडर स्टीफन्स, जो यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचा उपाध्यक्ष झाला. लाँगने १८३९ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली, काही काळ न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत काढला आणि १८४१ मध्ये तो जेफरसनला येऊन बसला.

"म्हणजे गरीब बिचारा गावठी डॉक्टर ही प्रतिमा पहिल्याच फेरीत बाद," वकीलसाहेब म्हणाले. मला ते पटले. गाव लहान होते, डॉक्टर नव्हे.

त्या काळी तरुण मंडळी जमून गंमत म्हणून ईथर हुंगत असत आणि लाँगही त्यांच्यात असे. अशा बैठकीनंतर अंगावर खरचटल्याच्या, आपटल्याच्या खुणा दिसत, पण लागले केव्हा हे कोणालाच आठवत नसे, ही गोष्ट त्याने हेरली. जेम्स व्हेनेबल नावाच्या तरुणाच्या मानेवर दोन गाठी होत्या आणि वेदनेच्या धास्तीने तो शस्त्रक्रिया पुढे ढकलत होता. लाँगने टॉवेलवर ईथर ओतून ते त्याला हुंगू दिले आणि एक गाठ काढली; काढलेली गाठ दाखवेपर्यंत व्हेनेबलचा विश्वास बसला नाही. हिशेबाच्या वहीत ईथर आणि गाठ काढणे मिळून दोन डॉलरची नोंद आहे.

"वहीतली नोंद हा सगळ्यांत भक्कम पुरावा," वकीलसाहेब म्हणाले, "कारण ती लिहिताना पुढे खटला होणार आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते." मात्र १८४५ मध्ये पत्नी कॅरोलाइनच्या बाळंतपणात लाँगने ईथर वापरल्याचे जे सांगितले जाते, ते त्यांनी बाजूला ठेवायला सांगितले, कारण तिथे साक्षीदार घरचेच आहेत.

डॉक्टर मात्र हटले नाहीत. लाँगचा लेख डिसेंबर १८४९ मध्ये दक्षिणेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला, म्हणजे मॉर्टननंतर तब्बल तीन वर्षांनी, जेव्हा ईथर जगभर पोहोचलेही होते. "शोध म्हणजे दुसऱ्या डॉक्टरच्या हातात पडलेले ज्ञान. मधल्या काळात भुलीविना ज्यांचे पाय कापले गेले, त्यांना लाँगच्या वहीचा काय उपयोग झाला?" सरांचे म्हणणे असे की लाँगने लेखात कारण दिले आहे: त्या सुमारास संमोहनाचा बोलबाला होता, त्यामुळे रुग्णाला वेदना न होणे हे ईथरमुळे की कल्पनेमुळे, याची त्याला खात्री करायची होती आणि गावात मोठ्या शस्त्रक्रिया फारच थोड्या येत. त्यात मॉर्टनने ईथरला वेगळे नाव देऊन पेटंट घेतले होते, हेही सरांनी ऐकवले. मला सरांची बाजू अर्धीच पटते. खात्री करण्यासाठी थांबणे समजू शकते, पण शेजारच्या गावच्या डॉक्टरला पत्र लिहायला कोणाची हरकत होती?

इथवर गप्प असलेल्या सिस्टर (जिल्हा रुग्णालयातून निवृत्त झालेल्या, कट्ट्यावरच्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या) तेव्हा म्हणाल्या, "खात्री केली कोणावर, ते सांगा." त्याचे उत्तर लाँगच्या लेखातच आहे. त्याचा ईथरचा तिसरा प्रयोग ३ जुलै १८४२ चा: एका कृष्णवर्णीय मुलाच्या पायाचे बोट कापले, आणि त्या मुलाची ओळख म्हणून दिले आहे ते जेफरसनपासून नऊ मैलांवर राहणाऱ्या मालकिणीचे नाव, कारण मुलगा तिची मालमत्ता होता. दुसऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाची दोन बोटे कापायची होती. एक ईथर देऊन कापले, दुसरे न देता, आणि एकाच्या वेळी त्याला काहीच कळले नाही, दुसऱ्याच्या वेळी वेदना झाल्या, असे लाँगने पुरावा म्हणून नोंदवले. एका बाईच्या अंगावरच्या तीन गाठी काढतानाही त्याने ईथर फक्त मधल्या गाठीच्या वेळी दिले, हे सरांनी घाईने सांगून पाहिले. सिस्टर म्हणाल्या, "ती बाई नको म्हणू शकत होती."

यावर डॉक्टर आणि सर पहिल्यांदाच एकत्र आले, आणि तेही लाँगच्या बचावासाठी: तुलना केल्याशिवाय सिद्ध काय होणार? सिस्टरनी दोघांना सुनावले की औषध हाताशी असताना, ते लागू पडते हे ठाऊक असताना, लहान मुलाचे बोट शुद्धीवर कापणे याला तुलना म्हणायचे असेल तर तुम्ही म्हणा. मी सिस्टरच्या बाजूने आहे. लाँग स्वतः गुलामांचा मालक होता आणि त्याचा लेख वाचताना हे क्षणभरही विसरता येत नाही.

वकीलसाहेबांनी विषय पुन्हा श्रेयावर आणला. लाँग १८५१ पासून जॉर्जियातल्याच अथेन्स गावी राहू लागला. १८५४ मध्ये जॉर्जियाच्या सिनेटरने त्याचा दावा अमेरिकन काँग्रेसपुढे मांडला, पण तिथे मॉर्टन, ईथरची कल्पना आपली म्हणणारा चार्ल्स जॅक्सन आणि हसवणाऱ्या वायूने दात काढणारा दिवंगत दंतवैद्य होरेस वेल्स यांचे पाठीराखे आधीच भांडत होते, आणि भुलीच्या शोधाचे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. १६ जून १८७८ रोजी एका बाळंतपणाच्या वेळीच लाँग कोसळला आणि वारला. पुढचे काम घराने आणि राज्याने केले. १९२६ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनात, त्याचा पुतळा बसला. १९२८ मध्ये मुलगी फ्रान्सिस लाँग टेलर हिने वडिलांच्या शोधावर ग्रंथ काढला. आणि अमेरिकेतला डॉक्टर दिन ३० मार्चला येतो तोही त्याच्यामुळेच.

"कॅपिटॉलमध्ये प्रत्येक राज्याचे दोनच पुतळे असतात," सर म्हणाले. "जॉर्जियाचा दुसरा कोणाचा, माहीत आहे? खोलीतल्या सोबत्याचा, स्टीफन्सचा."

"गुलामगिरी हाच आमच्या नव्या राज्याचा पाया आहे असे १८६१ मध्ये भाषणात सांगणारा, तोच ना?" सिस्टरनी विचारले. सरांनी मान डोलावली. डॉक्टरांनी सगळ्यांसाठी चहाची दुसरी फेरी मागवली आणि वकीलसाहेबांना विचारले की मॉर्टनच्या पेटंटचा खटला तुमच्याकडे आला असता तर तुम्ही कोणत्या बाजूने उभे राहिला असता.