सहा वाजून पाच ही मुंबईची वेळ, मूलची नाही

डिसेंबर लागला की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मेसेज फिरायला लागतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. २१ डिसेंबरला सूर्य वर्षातून सर्वांत लवकर मावळतो. त्या दिवशी महाराष्ट्रात सूर्यास्त ६ वाजून ५ मिनिटांनी. मावळल्यावर तासभर उजेड असतो, म्हणून शेतातली कामं निवांत आटपा. आणि दिवस मोठा व्हायला लागतो तो संक्रांतीपासून. चारही गोष्टी चूक आहेत. मधल्या दोन तर या भागात जिवावर बेतू शकतात, म्हणून आधी त्याच घेतो.

६ वाजून ५ ही वेळ मुंबईची आहे. भिंतीवरच्या बऱ्याच दिनदर्शिकांतही मुंबईचीच वेळ छापलेली असते, तिथूनच ती उचलली असावी. घड्याळ देशभर एकच असलं तरी सूर्य सगळीकडे एकाच वेळी मावळत नाही. पृथ्वीला एक रेखांश फिरायला ४ मिनिटं लागतात. मुंबई ७२.९ अंशाजवळ, बुलढाणा ७६.२, आमचं चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल गाव ७९.७. म्हणजे बुलढाण्यात दिवस बुडायच्या पाव तास आधी तो मूलला बुडतो आणि मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी. २१ डिसेंबरला मूलचा सूर्यास्त साधारण ५ वाजून ३६ मिनिटांचा आहे. मेसेजमधल्या सहा-पाचला इथे धानाच्या बांध्यांतून माणूस ओळखू येत नाही.

अक्षांशाचाही थोडा हात असतो. गोंदिया आणि सिरोंचा जवळजवळ एकाच रेखांशावर. तरी डिसेंबरात गोंदियात सूर्य पाच-सहा मिनिटं आधी मावळतो, आणि जूनमध्ये उलट चार-पाच मिनिटं उशिरा. एकट्या पूर्व विदर्भात इतका फरक पडतो, तर अख्ख्या महाराष्ट्राला एक वेळ कशी लागू होईल?

आता तासभर उजेडाचं. सूर्य मावळल्यावर आकाशात उजेड रेंगाळतो, ते खरं. पश्चिमेची शेवटची फिकट झाकही जाऊन पूर्ण रात्र व्हायला डिसेंबरात आपल्याकडे ८० मिनिटांच्या आसपास लागतात, कारण तोवर सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जावा लागतो. पण तो आकाशातला उजेड, जमिनीवरचा नव्हे. दिव्याशिवाय जमिनीवरचं स्पष्ट दिसतं ते सूर्य ६ अंश खाली जाईपर्यंतच, आणि त्याला मूलच्या अक्षांशावर २४ मिनिटं लागतात. म्हणजे सहा वाजता खेळ संपला. मेसेजचा हिशेब मानला तर सात-पाचपर्यंत उजेड धरायचा! हेही मोकळ्या माळावर. जंगलाला लागून असलेल्या शेतात, पांदणीत, झाडांच्या सावलीत अंधार त्याआधीच उतरतो. तूर डोक्याएवढी उभी असते, धुऱ्यावरचं गवत कंबरेइतकं, आणि वाघ-बिबट्याच्या वावराची हीच वेळ. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे: वेचणीच्या बायांना पाच वाजता शेतातून मोकळं करा. शेवटचं ओझं उद्या बांधलं तरी चालतं.

आता २१ डिसेंबर. त्या दिवशी दिवस सर्वांत लहान असतो, पण सर्वांत लवकरची संध्याकाळ तेव्हा नसते. ती नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येऊन गेलेली असते. तेव्हा मूलला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, २१ डिसेंबरपेक्षा सहा-सात मिनिटं आधी. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते. त्यामुळे डिसेंबरात एका माध्यान्हापासून, म्हणजे सूर्य आकाशात सर्वांत उंच असतो त्या वेळेपासून, दुसऱ्या माध्यान्हापर्यंत २४ तासांहून सुमारे अर्धा मिनिट जास्त लागतो. घड्याळाच्या हिशेबात रोजची माध्यान्ह पुढे सरकते आणि तिच्यामागे सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही पुढे जातात. शेतात सांभाळून राहायचे दिवस म्हणूनच डिसेंबरची वाट पाहत नाहीत, ते धानकापणीतच सुरू होतात.

संक्रांतीचं थोडक्यात. दिवस वाढायला लागतो २२ डिसेंबरच्या आसपास. संक्रांतीपर्यंत तो सहा-सात मिनिटांनी वाढलेलाही असतो, पण ती सगळी वाढ संध्याकाळच्या बाजूला पडते. सकाळ उलट आणखी उशिरा होते: २१ डिसेंबरला मूलला सूर्योदय ६ वाजून ४२ ला, तर जानेवारीच्या मध्यात ६ वाजून ५० च्या जवळ. जागलीवरून पहाटे परतणाऱ्यांनी आणि सरपणाला निघणाऱ्यांनी जानेवारी संपेपर्यंत सात वाजायच्या आधी रानातून ये-जा करू नये.